उकंडाची घागर

१ एप्रिल २०११, बाभुळगाव

काल सेवानिवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि चार भाषणं मिळाली. चारही भाषणांत 'सरांची शुद्ध मराठी' आली, आणि चारही भाषणं इतक्या अशुद्ध मराठीत झाली की मला खुर्चीत बसवेना. आज सवयीने साडेनऊला कपडे करून दारात उभा राहिलो. मग आठवलं, जायचं कुठेच नाही. मंजुषा डबा घेऊन पोस्टात गेली. तिची नोकरी अजून तीन वर्षं आहे.

ही डायरी कृषी केंद्राच्या मालकाने दिली. पानोपानी तळाशी कपाशीच्या बियाण्याची जाहिरात: हसणारा शेतकरी आणि त्याच्या हातात नारळाएवढं बोंड. असा हसणारा शेतकरी या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत मी पाहिलेला नाही. असो, कागद चांगला आहे.

संध्याकाळी सदाशिवराव आले. तहसिलातून बाबू म्हणून रिटायर झाले, आता वाचनालयाचे सचिव आहेत. वाचनालयाला पन्नास वर्षं होतात म्हणून स्मरणिका काढायची आहे. म्हणाले, "सर, दोन हजार सहाले बोरखडीले पिच्चरवाले आलते नं? तुमी तं तवा तिथंच मास्तर होते. गावकऱ्याईच्या आठवणी गोळा करा अन् एक झकास लेख द्या. हलकाफुलका हं. आत्महत्या-बित्महत्या नको, लोक वाचून वाचून कंटाळले." मी हो म्हणालो. रिकाम्या माणसाला काम मिळालं.

४ एप्रिल

धरमसिंगच्या जीपने बोरखडीला जाऊन आलो. २००७ च्या जूनमध्ये माझी बदली झाली, त्यानंतर पहिल्यांदाच. मध्ये वेळच मिळाला नाही.

बोरखडी धरणाच्या काठी आहे. जुनं गाव पाण्यात गेलं, शेतीवाले लांब नव्या गावठाणात राहायला गेले, पण भोयांची तीस-पस्तीस घरं पाण्यालाच धरून राहिली. जमीन एकाकडेही नाही. मासोळीवर पोट.

लेखाला मजकूर भरपूर मिळाला. अंगणवाडीच्या इंदुताई सांगत होत्या, "हिरोनीले मासोईचा वास सहनच नाई होये जी. एका हातानं नाकाले रुमाल, अन् एका हातानं सारवाचं शूटिंग." एका म्हातारीच्या आठवणीतला हिरो छपराला डोकं लागेल एवढा उंच होता. तिची सून म्हणाली, कुठला उंच, त्याले तं विटाईवर उभा करत. दोघी माझ्यासमोर भांडल्या. हे सगळं लेखात घेणार.

सगळ्यात मजेचं थर्माकोलचं. इथले भोई लाकडी नाव वापरत नाहीत. थर्माकोलचे जाड तुकडे पोत्यात शिवून तराफा करतात, त्यावर मांडी घालून बसतात आणि दोन हातांत दोन फळ्या घेऊन पाणी मागे सारतात. डायरेक्टरसाहेबांनी ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाले, हा कचरा कॅमेऱ्यात नको, मला लाकडी नाव पाहिजे. आणि त्यांची स्वतःची माणसं हिरोच्या तोंडावर उजेड पाडायला थर्माकोलचेच पांढरे तक्ते धरून उभी होती! भोई शूटिंग सोडून त्या तक्त्यांकडे बघत बसायचे. जाताना दोन तक्ते विसरले, त्यांचे आठवड्यात तराफे झाले.

शेवटच्या दिवसाचं विचारलं की मात्र ज्याला त्याला काम आठवायचं. इंदुताईंना पोषण आहाराचं रजिस्टर आठवलं. डोमाजी जाळं विणत बसला होता. हा वस्तीतला म्हातारा पंच, जातीत त्याचा शब्द शेवटचा. मी विचारलं, "डोमाजी, त्या शेवटच्या दिवसाचं काय आठवतं?" त्याने जाळ्यावरून नजर उचलली नाही. म्हणाला, "आमाले काय याद राह्यते जी, अडानी मानसं. तुमाले याद असंल."

साधी माणसं आहेत. शिकलेली नसली की आठवणी टिकत नाहीत.

८ एप्रिल

लेखाची सुरुवात जमली. मंजुषाला वाचून दाखवली, हिरोईनच्या रुमालावर ती हसली. मग म्हणाली, "उकंडाचं पुढं येणार आहे का?"

उकंडाचं काय करावं हा प्रश्नच आहे. उकंडा वस्तीतला मासेमार, चाळिशीच्या आतला, हसरा. चित्रपटातला शेतकरी शेवटी नावेत बसून जातो आणि धरणात जीव देतो, असं दृश्य होतं. हिरोला पोहता येत नव्हतं. म्हणून हिरोचं धोतर आणि पैरण घालून पाठमोरा उकंडा उभा केला होता. दुपारी चारला दृश्य झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच संध्याकाळी उकंडा धरणात बुडून गेला. सदाशिवरावांना हलकंफुलकं हवं आहे, तेव्हा हा भाग वगळलेला बरा.

बाजारात धरमसिंग भेटला. चहा पाजला आणि म्हणाला, "सर, ते लाकडाची नाव तुमीच आनलती नं? पल्याडच्या रेतीवाल्या ठेकेदाराकून?" मी म्हटलं, "मी आणली नाही. मिळवून दिली. फरक आहे." "असंल जी," म्हणाला. या माणसाने तीस वर्षं जीप चालवली, पण कुठे काय बोलावं ते शिकला नाही.

१२ एप्रिल

आज उकंडाची बायको घरी आली. सुखीबाई. बरोबर मुलगी नलू, माझीच विद्यार्थिनी, आता अठरा-एकोणीसची असेल. मंजुषाने खुर्ची दिली तरी सुखीबाई खालीच बसली. सर मासोळी खात नाहीत हे लक्षात ठेवून पळसाच्या पानांत टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, बांधून आणली होती.

म्हणाली, "सर, तुमी पिच्चरचं लिहून राह्यले मनते."

मी म्हटलं, "हो. गमतीजमती."

"मंग याईचंबी लिहून द्या. एकच कागद पाह्यजे मले."

तिचं म्हणणं नीट लिहून ठेवतो. भोयांकडे अखजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात. पान वाढतात, चिंचवणी-पोळी ठेवतात, आणि ते पाणी वर त्याला पोचतं असं मानतात. ते आपल्याकडेही आहे. पण त्यांच्या वस्तीत, ज्याने आपल्या हाताने जीव दिला त्याची घागर भरत नाहीत. उकंडाच्या चार अखज्या कोरड्या गेल्या.

"पन याईनं जीव नाई देला सर," ती म्हणाली. "तुमाले ठावं हाय."

मी समजावलं. कागदावर जे आहे ते आहे. प्रेत सापडलं त्या दिवशी हवालदाराने पंचनामा केला, त्याचं अक्षर वाईट म्हणून मजकूर मी लिहिला, काठावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला, आणि पाच जणांनी सह्या-अंगठे केले. डोमाजीचाही अंगठा आहे.

ती म्हणाली, "तेच तं जी. डोमाजी मनते, सरनं पंचाईसमोर वाचलं का यानं जीव देला. आता सरनंच पंचाईसमोर वाचाव का नाई देला. ज्याच्या तोंडातून गेलं त्याच्याच तोंडातून वापस आलं पाह्यजे. मंग भरू घागर."

नलू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.  वर्गातही अशीच कडेला उभी असायची. अक्षर मात्र सुंदर, ते मी लावलेलं.

मी म्हणालो, "पाहतो." त्या गेल्यावर मंजुषाने विचारलं, "काय पाहणार आहात?" मला राग आला. सगळ्या गोष्टींना लगेच उत्तर नसतं.

१३ एप्रिल

लेख पुढे सरकला नाही. टेंभरं गोड निघाली. मंजुषाने एकही खाल्लं नाही.

१७ एप्रिल

सदाशिवरावांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "सर, डोकं ठिकाणावर हाय नं? पंचनाम्यात एक लिहिलं, आता दुसरं लिहून सही करता? पेन्शनची केस अजून मंजूर व्हाची हाय तुमची. एखाद्यानं तो कागद उचलून वर पाठवला मंजे?" मग म्हणाले, "अन् घागर भरली काय न भरली काय, मेलेल्याले थोडंच समजते."

त्यांचं चुकीचं नाही. आणि मी जे केलं ते वाईट हेतूने केलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवतो. त्या वर्षी तालुक्यात कोणी आत्महत्या केली की साहेब लोक घरी यायचे, कुटुंबाला सरकारी मदत व्हायची. मला वाटलं, उकंडाच्या घरालाही होईल. पुढे समितीने प्रकरण अपात्र ठरवलं, कारण सातबारा नव्हता. शेत नाही तर शेतकरी नाही, आणि शेतकरी नाही तर ती आत्महत्या त्यांच्या कामाची नाही. याला मी काय करणार?

शिवाय उकंडा स्वतःच्या मर्जीने नाव परत करायला निघाला होता. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

२३ एप्रिल

माळ्यावर जुन्या वह्यांत त्या पंचनाम्याचा माझा कच्चा मसुदा सापडला. उतरवून घेतो:

'मयत हा जन्माने भोई व पट्टीचा पोहणारा असल्याने तो अपघाताने बुडणे संभवत नाही. सबब त्याने स्वेच्छेने जलसमाधी घेतली असावी, असे आम्हा पंचांचे एकमत आहे.'

भाषा आजही नीट वाटते. हवालदाराने पाठ थोपटली होती, म्हणाला होता, "सर, कोर्टातबी कोनी बोट ठेवू शकत नाई." खरं आहे. भोई पाण्यात कसा बुडेल, असं कोणीही म्हणेल. कोणीही म्हणजे ज्याला ते पाणी माहीत नाही असा कोणीही.

आज सकाळपासून ते पाणीच डोळ्यांसमोर आहे. जुन्या बोरखडीचं बाभूळबन धरणाखाली उभंच्या उभं आहे. कोणी तोडलं नाही, पाणी आलं आणि वर चढत गेलं. थर्माकोलचा तराफा झाडांच्या शेंड्यांवरून सरकून जातो. लाकडी नावेचा तळ खोल, ती फांद्यांत बसते आणि वारा असला की कलते. म्हणून त्या धरणावर भोयांची एकही नाव नाही. डोमाजीने हे मला ठेकेदाराची नाव काठाला लागली त्याच दिवशी सांगितलं होतं. "सर, हे इथी चालत नाई. खाली बाभया हायेत." मी म्हटलं होतं, दोनच दिवसांचा प्रश्न आहे, डायरेक्टरसाहेब एवढ्या लांबून आलेत.

प्रेत वर काढलं तेव्हा हिरोचं धोतर फांदीला गुंडाळलेलं होतं. पायांनाही. भोई लंगोटीवर पोहतो, नऊ हाती धोतरात कोण पोहणार? ते धोतर मी पाहिलं होतं. पंचनाम्यात लिहिलं नाही. हवालदाराने विचारलं नाही.

२७ एप्रिल

जेवताना मंजुषा म्हणाली, "अहो, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही घरी आलात नं बोरखडीहून, आल्या आल्या म्हणालात, 'नाव पाठवली एकदाची परत, शब्द पाळला.' खुशीत होते तुम्ही. पिक्चरच्या पाट्यांमध्ये तुमचं नाव येणार म्हणून सांगत होते. सकाळी निरोप आला त्याचा. मग तुम्ही कधीच त्याबद्दल बोलला नाहीत, म्हणून मीही बोलले नाही."

साडेचार वर्षं ती हे धरून बसली होती. मी ताटावरून उठलो. तिनेही थांबवलं नाही.

आता लिहितोच. ठेकेदाराला मी शब्द दिला होता की नाव अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत पलीकडे पोचेल. शूटिंग चारला संपलं, मग फोटो, मग पेढे, साडेपाच वाजले. थंडीचे दिवस, सूर्य टेकला होता, वारा सुटला होता. उकंडा म्हणाला, "सर, सकायी नेतो. आता बाभया दिसत नाईत." मी म्हणालो, "उकंडा, मी आजचा शब्द दिलाय. माझी लाज ठेव." तो म्हणाला, "बरं, धोतर तं बदलतो." मी म्हणालो, "येऊन बदल."

माझी लाज. काय होती ती, की त्या माणसाने पाण्यात जावं? मी रडलो आज. मंजुषा पलीकडच्या खोलीत होती.

१ मे

कागद लिहिला. तिसऱ्यांदा. भाषा सोपी ठेवली. 'उकंडा याने आत्महत्या केली नाही. लाकडी नाव पाण्याखालील बाभळीत अडकून उलटल्याने व अंगावरील धोतर फांद्यांत गुंतल्याने तो बुडाला. हा अपघात होता. पूर्वीचा मजकूर चुकीचा होता व तो मीच लिहिला होता.' खाली सही, तारीख. एवढ्याने घागर भरायला हरकत नसावी. बाकीचं कोणाला सांगून काय उपयोग? त्याने उकंडा जास्त निर्दोष होत नाही.

३ मे

बोरखडीला गेलो. सुखीबाई भांडी घासत होती. हात पदराला पुसून समोर बसली. नलूने कागद वाचला, स्पष्ट, विरामचिन्हं सांभाळून. वाचून झाल्यावर तिने तो मांडीवर ठेवला.

"सर, नाव कोनं न्याले लावली ते नाई यात."

मी म्हटलं, "ते आवश्यक नाही, नलू. अपघात होता हे सिद्ध झालं म्हणजे झालं."

"मंग डोमाजी इचारनच नं, का अंधार पडताना भोई लाकडाची नाव घेऊन काहून गेला? आपल्या मनानं गेला मंजे जीव द्यालेच गेला, असंच मनतेत सारे. आतापरेंत तेच मनतेत."

"मी तुझा शिक्षक आहे," मी म्हणालो. आवाज चढला माझा. "तू मला मजकूर शिकवणार?"

"नाई सर." ती खाली बघत होती. "मी तिथंच होती. बाबाच्या चपला घेऊन उभी होती. तुमी मनले, येऊन बदल."

 सुखीबाईला हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी मी वही-पेन घेऊन त्यांच्या दारोदार हिंडलो, हिरो उंच होता की बुटका ते विचारत, आणि त्यांनी मला चहा पाजला. त्यांच्यापैकी एकानेही तोंडावर काही म्हटलं नाही. मला वाटलं, विसरले.

नलूने पेन दिलं. मी शेवटी एक वाक्य वाढवलं: 'सदर नाव अंधार पडण्यापूर्वी पलीकडे पोचवण्यास मीच सांगितले, सकाळी नेतो असे तो म्हणाला असता मी ऐकले नाही.' कागद त्यांच्याकडेच राहिला. सहा तारखेला अखजी. सकाळी नऊला पंच बसणार.

५ मे

कागद त्यांच्याकडे ठेवायला नको होता. सदाशिवरावांना कळलं आहे, धरमसिंगने सांगितलं असावं. दुपारी येऊन बसले. म्हणाले, "जाच असंल तं जा, पन ते शेवटचं वाचू नका. बाकी अपघात-अपघात चालते. शेवटचं वाचलं का तुमी तुमच्या तोंडानं गुन्हा कबूल केला, मंग कोनी वाचवत नाई."

अंगात कसकस आहे. उद्या जाऊ नये असंही मनात आलं. मंजुषाने न विचारता सकाळसाठी धुतलेला सदरा काढून ठेवला.

७ मे

काल संध्याकाळी घरी आलो तेव्हा लिहायची ताकद नव्हती. आज लिहितो.

वस्तीत पोचलो तेव्हा प्रत्येक दारासमोर नव्या मातीच्या घागरी होत्या, कुठे एक, कुठे तीन. सुखीबाईच्या दारात एक होती. रिकामी. शेजारी नलूने पळसाची पत्रावळ मांडली होती, तीही रिकामी. डोमाजी आणि आणखी चार म्हातारे कडुनिंबाखाली सतरंजीवर बसले होते, भोवती सगळी वस्ती. मला खुर्ची दिली. नलूने कागद आणून दिला, घडी अगदी सरळ.

मी उभा राहून वाचायला लागलो. पस्तीस वर्षं वर्गात वाचलं, तसंच. आत्महत्या केली नाही, हे वाचलं तेव्हा बायकांत कुजबुज झाली. बाभूळ, धोतर, अपघात, सगळं वाचलं. पूर्वीचा मजकूर चुकीचा होता व तो मीच लिहिला होता, हेही वाचलं. मग शेवटचं वाक्य आलं. समोर डोमाजी बघत होता. मला पेन्शनची केस आठवली, हवालदार आठवला, सदाशिवरावांचा चष्मा आठवला. मी सही आणि तारीख वाचली आणि कागदाची घडी घातली.

मी हे केलं. नलूच्या डोळ्यांसमोर केलं. तिने मान खाली घातली. वर्गात मी चुकलो तरी ती अशीच मान खाली घालायची.

डोमाजीने विचारलं, "झालं जी?"

मी म्हटलं, "झालं."

तो उठायला लागला, एवढ्यात सुखीबाई म्हणाली, "एक राह्यलं सर."

"एवढंच आहे, सुखीबाई."

"नाई जी. राह्यलं." आणि तिने म्हणून दाखवलं. अक्षरओळख नसलेल्या बाईने माझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. "सदर नाव अंधार पडन्यापूर्वी पलीकडे पोचवन्यास मीच सांगितले. सकाळी नेतो असे तो म्हनाला असता मी ऐकले नाही." तीन दिवस नलूकडून वाचवून घेऊन तिने तो कागद पाठ केला होता. 'सदर' म्हणजे काय हेही तिला ठाऊक नसावं. पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

कोणी चकित झालं नाही. कोणी रागावलंही नाही. डोमाजी परत खाली बसला. म्हणाला, "सर, हे आमाले ठाऊकच होतं. आमाले सांगाचं नाई. त्याले सांगाचं हाय." आणि त्याने रिकाम्या घागरीकडे हात केला.

कागद माझ्या हातात घडी घातलेलाच राहिला. नलू पुढे आली नाही, कोणीच आलं नाही. मग सुखीबाईच म्हणाली, हळूच, "सदर नाव..." आणि थांबली. मी म्हणालो, "सदर नाव." ती म्हणाली, "अंधार पडन्यापूर्वी." मी म्हणालो. "पलीकडे पोचवन्यास." मी म्हणालो. असं ती पुढे आणि मी मागे. 'मीच सांगितले'पाशी माझा हुंदका फुटला, तर ती थांबून राहिली, माझा आवाज परत येईपर्यंत. शेवटचं 'मी ऐकले नाही' तिने दोनदा म्हणायला लावलं, कारण पहिल्यांदा ते माझं मलाच ऐकू आलं नव्हतं.

डोमाजी म्हणाला, "भर वो माय."

नलूने कळशी आणली, धरणाचंच पाणी. सुखीबाईने ते घागरीत ओतायला सुरुवात केली. नवी माती पाणी पिताना आवाज करते, तेवढा एकच आवाज होता. घागर काठोकाठ भरल्यावरही ती ओततच राहिली, पाणी खाली सांडून पत्रावळीपर्यंत आलं, आणि कोणी तिला थांबवलं नाही. मग ती खाली वाकली, घागरीच्या काठाला तोंड लावून बोलल्यासारखी, आणि म्हणाली, "पेऊन घ्या आता. चार वर्स तहानेले राह्यले तुमी."

मी सतरंजीच्या कडेला उभा होतो. मला कोणी बसा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही.